मुंजाचा भोंगा

त्या दिवशी कॅज्युअल्टीत माझी दुपारची ड्यूटी होती. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा फोन आला, "सिस्टर, गंगाखेडकडून विजेचे दोघं आणायलोय. एक तर गेल्यासारखाच हाय." परतीच्या पावसात असे फोन येतात, परभणीच्या दवाखान्यात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी दोन खाटा मोकळ्या करून घेतल्या, ऑक्सिजन तपासला, दारातली गर्दी हटवली. पहिलं स्ट्रेचर आत आलं. शर्ट छातीवर फाटून काळा पडलेला, एका पायातला बूट टाचेकडून फुटलेला, मानेपासून कमरेपर्यंत झाडाच्या फांद्यांसारखी लाल नक्षी उठलेली. चेहरा चिखलानं माखला होता. मी ओल्या बोळ्यानं तो पुसला आणि डाव्या भुवईवर टाके दिसले. ते टाके आठवड्यापूर्वी याच खोलीत पडले होते. घालताना डोकं मी धरलं होतं आणि काढायला वेळेवर ये म्हणून मीच बजावलं होतं... मुंजा, माझा धाकटा दीर. डॉक्टरांनी छाती दाबायला घेतली. ते थकल्यावर मी घेतली. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं तरी मी थांबले नाही. शेवटी डॉक्टरांनी माझ्या मनगटाला धरून मला बाजूला केलं. दुसऱ्या खाटेवरचा माणूस श्वास घेत होता. मी तिकडं गेले.

तो दुसरा माणूस म्हणजे किशनकाका, आमच्या भावकीतला, शेताला शेत लागून असलेला. मुंजाच्या भुवईवरचे टाके त्याच्यामुळेच पडले होते. नातेवाईक अजून मला विचारतात, त्याच हातानं तू त्याला सलाईन कसं लावलंस? पेशंट होता म्हणून लावलं, एवढंच उत्तर आहे. पण हे सगळं क्रमानं सांगायला हवं, नाहीतर मुंजा म्हणजे कुणीतरी संत होता असं वाटेल. तो तसा नव्हता.

माझं लग्न झालं तेव्हा मुंजा शाळेत होता. राणीसावरगावच्या अलीकडे आमचं गाव. धाकट्या दिराला भाऊजी म्हणायचं असं सासूबाईंनी सांगितलं होतं, पण आंघोळीला हाका मारून दमल्यावर पहिल्या महिन्यातच मी "मुंजा, मुडद्या, ऊठ" वर आले. डोकं हुशार आणि हात चालता. आभाळात ढग आले की सासऱ्यांचा रेडिओ खरखर करायचा. ती खरखर कुठून येते ते बघायला म्हणून त्यानं तो दगडानं फोडला. सासऱ्यांनी त्याला बैलाच्या कासऱ्यानं मारलं, तर मार खाताखाता हा विचारत होता, "पण आत काय वाजायलंय ते तर सांगा!" गणितात पहिला आणि मारामारीतही पहिला. पुढं इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला. तिथं मुंजाजी हे नाव लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून ते त्याला एमजे म्हणायचे. तो संकेतस्थळं बांधायचा. लग्नाचे हॉल बुक करायचं एक, डॉक्टरांच्या वेळा घ्यायचं एक, परीक्षांचे निकाल दाखवायचं एक. निकालाच्या दिवशी सगळी पोरं एकदम तुटून पडली तरी याचं संकेतस्थळ बंद पडत नसे, याचा त्याला भारी गर्व. साहेबाशी भांडण झालं तेव्हा कीबोर्ड आपटून दोन तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नवा घेऊन गेला. पगार चांगला, बायको नाही, घाई नाही. आम्ही म्हणायचो, मार्गी लागला.

मग एका दिवाळीला तो गावी आला असताना कापसाची वेचणी चालू होती. दुपारी ढग दाटून आले आणि थेंब पडायला लागले तशा बाया कडुलिंबाखाली जमल्या. मुंजा त्यांच्यापासून थोडा दूर, बांधावर फोनवर कुणाशी तरी कामाचं बोलत उभा होता. वीज लिंबावर पडली. तो सांगायचा की आवाज आलाच नाही, नुसता कुणीतरी कानाखाली लोखंड मारल्यासारखा दणका बसला आणि तो बांधाच्या पलीकडं जाऊन पडला. उठून बघितलं तर बाया बसल्या होत्या तशाच बसल्या होत्या. त्यातल्या दोघींच्या पदरातून धूर निघत होता. एकीच्या तोंडातला घास तोंडातच होता. त्याच्या उजव्या कानातून रक्त आलं, पडदा फाटला, तो कान कायमचा गेला. तेव्हापासून मुंजा माणसाच्या उजवीकडे उभा राहायचा, डावा कान पुढं करून, जणू कायम कुणाचं तरी गुपित ऐकतोय.

त्यानं नोकरी सोडली आणि विजांवर काम करणाऱ्या एका संशोधन गटात गेला, पगार निम्म्याहून कमी. आमच्याकडं त्यावरून मोठं भांडण झालं. प्रल्हाद, म्हणजे माझा नवरा, ताटावरून उठला. "कान गेला त्याच्यासंगं अक्कल पण गेली का रे?" मुंजानं ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा डाग अजून तिथं आहे, रंग दिला तरी वर येतो. मी दोघांच्याही हातात पोछा दिला. मग मला त्यानं शांतपणे समजावलं. वीज पडली की रेडिओत खरखर येते, ती खरखर दूरदूरच्या ठिकाणी बसवलेल्या पेट्या ऐकतात, कुणाला आधी ऐकू येते, कुणाला मागून, त्या फरकावरून वीज कुठं पडली ते निघतं. एक पडली की तिच्या मागचा ढग कुठं सरकतोय तेही काढता येतं. शास्त्रज्ञांना ते गणित येत होतं. ते गणित क्षणात करून शेतातल्या माणसापर्यंत पोचवायचं काम मुंजाचं. म्हणाला, "वैनी, तिकडं पान उघडायला उशीर झाला तर गिऱ्हाईक जायचं. हिकडं माणूसच जायलंय." आणि लगेच, "पोहे हायेत का अजून?"

त्यानं फोनवरचं ॲप केलं, गावोगाव हिंडून लोकांच्या फोनमध्ये टाकलं. देवगाव फाट्यापासून खाली गंगाखेडपर्यंत फिरला. ढग जवळ आला की फोन किंचाळणार आणि तांबडा पडणार. पहिला पावसाळा वाया गेला. त्याच्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता, ज्या फोनमध्ये ॲप आहे तो एक हिरवा ठिपका. ढग सरकायला लागले की त्यांच्या पुढंपुढं हे ठिपके विझत जायचे. गाव गेलं, पुढचं गाव गेलं, आणि वीज पडायच्या वेळी त्या शिवारात एकही ठिपका जिवंत नाही. मुंजा वेड्यासारखा झाला. टॉवर बंद पडतो म्हणून फोन कंपनीच्या माणसाशी भांडला, वीज मंडळाच्या माणसाशी भांडला, आपलं सगळं काम पुन्हा तपासलं, सबंध हंगाम दोष शोधत राहिला. एकदा ढग असताना त्यानं मला फोन लावला तो लागला नाही. संध्याकाळी तणतणत घरी आला.

"वैनी, फोन कुठं होता?"

"पर्समध्ये. बंद केलता."

"का?"

"आभाळ गरजत होतं की रे. गरजायला लागलं की फोन बंद करावा, न्हाईतर वीज ओढून घेतो."

 तो जमिनीवर बसला आणि डोक्याला हात लावून इतका हसला की मला वाटलं रडतोय. "नर्स हाव तुमी! नर्स!" मी म्हटलं, नर्स असले म्हणून काय झालं, दवाखान्यातले सगळेच करतात. खरंच करत होते. गावात तर पहिला गडगडाट झाला की आया पोरांच्या हातातले फोन हिसकावून बंद करायच्या. फोन वीज ओढत नाही हे त्यानं घसा फोडून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि ढग आला की खिशात हात घालायचे. शेवटी तो चिडून म्हणाला, खिशातच जायचं नाही. डोक्यावरून जायचं. आणि ग्रामपंचायतीच्या माडीवर त्यानं भोंगा बसवला, इशारा आला की आपोआप बोलणारा.

आधी त्यात कुठल्यातरी यंत्रातल्या बाईचा आवाज होता. "कृपया सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा." गयाबाई, जिच्या हाताखाली गावातली वेचणीची टोळी चालते आणि जीपनं शेतोशेत जाते, ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "लय गोड बोलायलीय बया. हिचं घरात तरी कोण ऐकतं का?" बाया हसल्या आणि कापूस वेचत राहिल्या. त्याच आठवड्यात मुंजा माझा डबा घेऊन दवाखान्यात आला. एका अपघाताच्या केसमागं पन्नासएक नातेवाईक आत घुसले होते आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. सगळे मागं हटले. त्यांच्याबरोबर बंदोबस्ताचा हवालदारही हटला. मुंजानं डबा टेबलावर ठेवला आणि मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. "वैनी, आसंच. आसंच वरडा. फक्त मी सांगतो ते शब्द घ्या." मी कामात होते, डोकं तापलेलं होतं, एका दमात ओरडून मोकळी झाले. तो आवाज गावावर लागला. "ए! झाडाखालून निघा! गाठोडं राहू द्या तिथंच! जीपमध्ये बसा, काचा लावा! निघा म्हणते ना!" प्रल्हाद म्हणाला, "घरात पुरत नव्हतं म्हणून आता गावालाबी." पण बाया निघायला लागल्या. गयाबाईनं सांगितलं, "ताई, तुमचा आवाज आला की पाय आपोआपच पळतेत, मागून काठी आल्यावानी वाटतं."

आता किशनकाकाची बाजू. तीही होती. कापूस फुटून लोंबत होता, टोळी मिळवायला दारोदार जावं लागतं, आणि भोंगा वाजला की टोळी जीपमध्ये जाऊन बसायची. वीज पडायची दुसऱ्याच गावच्या शिवारात. इकडं नुसता पाऊस यायचा आणि फुटलेला कापूस भिजून पिवळा पडायचा. इशारा जरा जास्तच लांबून लागतो, हे मुंजालाही मान्य होतं. पुण्यातल्या गटाबरोबर तो ते अंतर कमी करत होता. पण काकाशी नीट बोलेल तो मुंजा कसला. पारावर दोघांची जुंपली.

"आरं वीज पडंना झालीय, तुझा भोंगा मातर रोज पडायलाय आमच्या डोक्यावर! वेचणी होईस्तोवर बंद ठेव."

"न्हाई ठेवत. पडली न्हाई म्हणून भांडायलाव, काका. पडल्यावर भांडायला कोण येतंय?"

"तू आमाला शिकवू नगं. पुण्याला जाऊन लग्नं लावून दे लोकायची फोनवर."

दसऱ्याच्या आधी एका दुपारी भोंगा पुन्हा वाजला. किशनकाका पहार घेऊन माडीवर चढला. पहिल्या घावाला भोंगा खाली चौकात येऊन पडला. मग त्यानं पेटीवर घाव घातले, तारा ओढून काढल्या. मुंजा धावत वर गेला आणि पाठीमागून धरून त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. काकाचा एक दात पडला. काकाच्या पुतण्यांनी मुंजाला जिन्यावरून ओढत खाली आणलं, लाथांनी तुडवलं, आणि एकानं भोंग्याचा फुटका पत्रा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. भुवई उघडून हाड दिसत होतं. डॉक्टर टाके घालत होते, मी डोकं दाबून धरलं होतं, आणि म्हणत होते, केस कर. "केस केली तर भोंगा वाजतो का?" तो म्हणाला. "आन् लिहायचंच आसंल तर पहिला गुद्दा मी मारला ते पण लिहा." नवा भोंगा पुण्याहून निघाला होता. देवळातला स्पीकर सप्ताहासाठी दुसऱ्या गावी गेला होता. मी म्हटलं, टाके निघेपर्यंत परभणीतच राहा. "ढग थांबणारेत का टाक्यांसाठी?" म्हणून गेला. तेवढे दिवस पडद्यावर ढग सरकला की तो मोटारसायकल काढायचा आणि शिवारभर ओरडत हिंडायचा. यानं पुण्यात लाखो लोकांना एका क्षणात निकाल दाखवला होता, आणि आता बांधाबांधावर उभा राहून एकेका बाईला शिव्या देत होता.

शेवटच्या दिवसाचं मला गयाबाईनं सांगितलं. ती किशनकाकाच्या शेतात होती. "मुंजादादा बांधावरूनच वरडत आला. आमी पळालो जीपकडं. काका न्हाई आला. गाठोडी भिजतेत म्हणून लिंबाखाली ताडपत्री वढायलता. दादानं गाडी टाकली, त्याची कॉलर धरली, फराफरा वढला. काकानं ढकलून दिलं, टाक्यावरच ठोसा मारला. रगत आलं. दादानं पुना कॉलर धरली. दोघं झोंबायलते, ताई... मग पांढरं झालं. काचातून बघायलतो आमी. पांढरं झालं, आन् मग दोघं बी खाली." वीज लिंबावरून आली तेव्हा झाडाच्या बाजूला मुंजा होता. पहिला घाव त्याच्या अंगावर आला, उरलेला काकाच्या. कॉलर मुंजाच्या मुठीतून सोडवावी लागली.

किशनकाका तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. विजेनं माणसाच्या आठवणीतले मागचे काही दिवस पुसले जातात, हे मी कितीदा पाहिलं आहे. त्याच्या दोन्ही कानांचे पडदे गेले होते, त्यामुळे तो साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असा बोलला. "सूनबाई, भोंगा का वाजला न्हाई?" त्याच्या पुतण्यानं खाली मान घातली. शेजारच्या खाटांवरचे लोक बघायला लागले. त्यानं पुन्हा विचारलं, रागानं, "भोंगा का वाजला न्हाई गं?" मी त्याच्या हातावरची पट्टी बदलत होते. ऐकू येत नसलेल्या माणसाला काय सांगणार... पट्टी घट्ट बांधली आणि पुढच्या खाटेकडं गेले. नंतर कुणीतरी त्याला खुणांनी, बोट नाचवून, पहारीचा आव आणून सांगितलं म्हणे. मी तेव्हा तिथं नव्हते. मला राहायचंही नव्हतं.

दहाव्यानंतर पुण्याहून मुंजाचे दोन सहकारी नवा भोंगा घेऊन आले. पेटी नवी, पण आतलं सगळं मुंजानं लिहिलेलं, अक्षरही न बदललेलं. शिडी किशनकाकानं धरली, असं प्रल्हाद म्हणाला. मी म्हटलं, बरं. माझ्या मनात त्यामुळं काही पाघळलं नाही.

मागच्या आठवड्यात शेवटच्या वेचणीला मी शेतात गेले होते. अवकाळीचे ढग आले. मी सवयीनं पर्समध्ये हात घातला आणि फोन बंद न करता तसाच हात बाहेर काढला. तेवढ्यात गावाकडून माझाच आवाज आला. "ए! झाडाखालून निघा!" स्वतःचा आवाज असा आभाळातून अंगावर आला की कसं वाटतं ते मला तोवर माहीत नव्हतं. गयाबाई खरं सांगत होती, पाय आपोआप पळतात. आम्ही सगळ्या जीपमध्ये शिरलो. काच लावताना मला बांधापलीकडं किशनकाका दिसला, आमच्याकडं पाठ करून, त्याच अर्ध्या जळालेल्या लिंबाखाली गाठोडं बांधत असलेला. बाया हाका मारायला लागल्या. "काका! ओ काका!" मग गयाबाई म्हणाली, "त्यायला ऐकू येत न्हाई, ताई." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. जीपमधून उतरायला मला जितका वेळ लागला, तितक्या वेळात मनात काय आलं ते इथं लिहीत नाही, कारण ते चांगलं नव्हतं.

मी चिखलातून गेले आणि मागून त्याची कॉलर धरली. तो दचकून वळला, मारायला हात वर उचलला, मी आहे हे बघितलं आणि हात तसाच राहिला. मी ओढलं. त्याची एक चप्पल चिखलात रुतून राहिली, तो वाकायला लागला तसं मी आणखी जोरात ओढलं. डोक्यावरून माझाच आवाज आम्हा दोघांना हाणत होता, गाठोडं राहू द्या, निघा म्हणते ना, निघा... त्यातला एकही शब्द त्याला ऐकू जात नव्हता. जीपमध्ये बसलो, काच लावली. वीज त्या दिवशी आमच्या शिवारात पडलीच नाही. नुसता पाऊस आला आणि काकाचा कापूस भिजला. तो काचेतून कापसाकडं बघत होता. पाऊस उघडल्यावर गयाबाईनं दार उघडलं, बाया उतरल्या, आणि मग ती माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "ताई, सोडा आता त्यायला." कॉलर अजून माझ्या मुठीत होती.